ताठ कणा आणि वाकलेली पाठ

इतिहासाचा शोध घेणारे ताम्रपट वाचतात, बखरी चाळतात, दप्तरांतील रुमाल सोडून पाहतात. परंतु ज्यांनी स्वतः कधी कागद लिहिला नाही, आणि ज्यांच्याविषयी इतरांनीही फारसे लिहून ठेवले नाही, अशा माणसांचा इतिहास कोठे शोधावा? आमच्या मते त्याचे एक साधन त्यांच्या देहातच असते. जन्मभर जे काम करावे लागले त्याची खूण गुडघ्यांवर, खांद्यांवर व विशेषेकरून पाठीच्या कण्यावर राहते. आणि एकाच मुलखातील हजारो माणसांच्या अंगी तीच खूण दिसू लागली, म्हणजे ती एकट्यादुकट्याची व्यथा न राहता समाजाच्या इतिहासाचा भाग होते.

माणूस उभा कसा राहतो, बसतो कसा, वाकतो कसा, ओझे कसे उचलतो, आणि हे करता करता त्याचे स्नायू व सांधे का दुखू लागतात, याचा शास्त्रीय विचार करणारी विद्या आज फिजिओथेरपी अथवा भौतिकोपचार या नावाने ओळखली जाते. या विद्येचा आपल्याकडील वृत्तान्त पाहू लागले असता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. वऱ्हाडासारख्या एकाच प्रांतात देहाचे दोन इतिहास शेजारी शेजारी चालत आले: एक आखाड्यातील ताठ कण्याचा, दुसरा शेतातील वाकलेल्या पाठीचा. पहिल्याविषयी ग्रंथ झाले, संस्था झाल्या, पदके मिळाली. दुसऱ्याची नुसती मोजणी होण्यासही शंभर वर्षे लागली. या दोन इतिहासांची गाठ कोठे पडली व कोठे अजून पडावयाची आहे, हे बुलढाणा जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून पाहण्याचा आमचा विचार आहे.

बुलढाण्याचे लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाटाखालची जमीन काळी, कसदार व कापसाची. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. आणि १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, तेव्हा विलायतेची दृष्टी या काळ्या मातीवर खिळली. १८६७ साली आगगाडी भुसावळहून मलकापूर, नांदुरा, शेगाव यांवरून नागपुरास पोचली. खामगावचा कापसाचा बाजार एवढा मोठा होता, की मुख्य मार्गावरील जलंब स्थानकापासून त्या गावापर्यंत मुद्दाम एक फाटा काढण्यात आला व १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो खुला झाला. रिव्हेट-कार्नॅक या नावाचे एक कापूस-कमिशनर सरकारने याच सुमारास नेमले होते. धाग्याची लांबी किती, त्यात कचरा किती, गाठ किती वजनाची, भाव काय, यांची टिपणे तेव्हापासून बारकाईने ठेवली गेली आहेत. तो कापूस बोंडातून काढणाऱ्या हातांविषयी आणि त्या हातांमागील पाठीविषयी मात्र टिपण नाही. कापूस मोजला गेला. वेचणारी मोजली गेली नाही.

वेचणीचे काम शरीराकडून काय मागते हे ज्यांनी ते केले नाही त्यांस सहसा उमगत नाही. दसऱ्याच्या आगेमागे पऱ्हाटी फुटू लागते. पहिल्या वेचणीस सीतादही करण्याची चाल वऱ्हाडात आहे. शेताला दहीभात दाखवून मग बाया पात धरतात. बोंडे एका उंचीवर फुटत नाहीत. काही छातीशी असतात, काही कमरेशी, आणि पुष्कळशी गुडघ्याखाली. त्यामुळे वेचणारीस पूर्ण उभे राहता येत नाही व बसताही येत नाही; दिवसाचा बराच भाग ती अर्धी वाकून चालते. कमरेस बांधलेली झोळी जसजशी भरते तसतसे ओझे पुढे लोंबू लागते. संध्याकाळी गाठोडे डोक्यावर घेऊन वजनाच्या काट्यापर्यंत जावयाचे, आणि मजुरी किलोवर. एकाच रानात अशा तीन-चार वेचण्या होतात. त्यापूर्वी पावसाळ्यात निंदण झालेले असते. ते उकिडवे बसून, तसेच पुढे पुढे सरकत करावयाचे. घाटावर आता सोयाबीन फार. त्याची सोंगणी कंबरेत पूर्ण वाकून, हाती विळा धरून होते. पुरुषांच्या वाट्यास पोती उचलणे आणि फवारणीचा पंप पाठीवर घेणे येते, व त्या पंपात नुसते पाणीच सुमारे सोळा लिटर असते. यात खारपाणपट्ट्याची भर घालावी. पूर्णेच्या दोन्ही अंगांस जमिनीतील पाणी खारे. म्हणून गोड पाण्यासाठी डोक्यावर हंडा घेऊन पायपीट करणे हेही तेथील बायकांच्या कामांत कैक पिढ्या मोडत आले.

हा झाला वाकलेल्या पाठीचा इतिहास. आता ताठ कण्याचा पाहू.

महाराष्ट्रात शरीरसाधनेची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या पुनः उजेडात आणली, असे परंपरा सांगते. पेशवाई गेल्यावर ही विद्या संस्थानिकांच्या आश्रयाने व गावोगावच्या तालमींत जिवंत राहिली. बडोद्यास जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात तयार झालेले राजरत्न प्रो. माणिकराव यांनी तिला विसाव्या शतकाच्या आरंभी नवे वळण दिले. एकट्याने घुमावयाचा व्यायाम त्यांनी सांघिक केला आणि कवायतीचे इंग्रजी हुकूम टाकून देशी भाषेतील हुकूम रूढ केले. माणिकरावांची दुसरी ख्याती हाडवैद्य म्हणून होती. निखळलेला सांधा बसविणे, मुरगळलेला स्नायू चोळून मोकळा करणे, ही आखाड्यातील वस्तादाची विद्याच होय. आज ज्यास आपण भौतिकोपचार म्हणतो त्याचा एतद्देशीय पूर्वज शोधावयाचा झाल्यास तो दवाखान्यात नव्हे, तालमीत सापडेल.

माणिकरावांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झालेले गृहस्थ, याच्याही पुढे गेले. उड्डियान, नौली इत्यादी क्रियांनी पोटातील दाबावर काय परिणाम होतो हे क्ष-किरणांच्या व दाबमापकाच्या साहाय्याने तपासून पाहावे, ही त्यांची जिज्ञासा. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व त्याच साली ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून आपल्या प्रयोगांची हकीगत जगापुढे ठेवली. गुरूचे वचन प्रमाण मानण्याच्या क्षेत्रात मोजमाप आणणारे हे पाऊल होते. इकडे औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते. स्वतः नित्य नमस्कार घालून त्यांनी ते आपल्या संस्थानातील शाळांतून मुलामुलींस शिकविले. बडोद्याचे दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड बाहेर पडले. एवढा उद्योग एकट्या व्यायाम या विषयावर दुसऱ्या कोणत्या देशी भाषेत त्या काळी झाला असेल तर तो आमच्या पाहण्यात नाही.

वऱ्हाडही यात मागे नव्हते. १९१४ साली अमरावतीस अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी एक आखाडा काढला आणि त्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. बुलढाणा, अकोला, यवतमाळ येथील कित्येक तरुणांनी व्यायामशिक्षणाचे पाठ तेथेच घेतले. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले असता मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन मल्लखांब व देशी खेळ करून दाखविले.

या सर्व खटाटोपामागील भावना समजण्यासारखी आहे. राष्ट्र परतंत्र होते. राज्यकर्ते एतद्देशीयांस दुबळे म्हणून हिणवीत. तेव्हा ‘छाती पुढे, मान ताठ’ ही केवळ शरीराची ठेवण राहिली नाही. ते स्वाभिमानाचे चिन्ह झाले. परंतु या आदर्शाचा रोख कोणाकडे होता तेही पाहिले पाहिजे. तो शाळेत जाणाऱ्या, पांढरपेशा, बैठ्या कामाने खंगणाऱ्या वर्गाकडे होता. ज्याचे शरीर कामावाचून सुस्तावले त्यास व्यायाम हवा, हे बरोबरच आहे. ज्याचे शरीर कामानेच झिजत होते त्याच्यासाठी या वाङ्मयात उत्तर नव्हते. कारण तो प्रश्नच कोणी विचारला नव्हता. उलट ‘कष्टाळू माणसास व्यायामाची गरज नाही, शेतकऱ्याची बाई काम करते म्हणून तिचे शरीर निरोगी’ असा एक गोड समज सुशिक्षितांत पसरला व तो आजही पुरता गेलेला नाही.

योगायोग असा, की पाश्चात्त्यांकडेही या विद्येचा उगम व्यायामशाळेतच झाला. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग या कवीने व तलवारबहाद्दराने १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामाची एक सरकारी संस्था स्थापिली. सैनिकांसाठी, शाळांसाठी आणि रुग्णांसाठी असे व्यायामाचे निरनिराळे प्रकार तो मानीत असे. त्यांतील रुग्णांसाठीच्या व्यायामातूनच आजचा भौतिकोपचार निघाला. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी मर्दन करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांचा संघ काढला. पहिल्या महायुद्धात अवयव जायबंदी झालेले हजारो शिपाई परतले आणि या विद्येस रुग्णालयात कायमची जागा मिळाली. १९४९ साली लिंगच्या स्मरणार्थ स्टॉकहोमला भरलेल्या व्यायाममेळ्यास अमरावतीच्या मंडळाचे पथक गेले होते. स्वीडिश कवायत आणि वऱ्हाडी मल्लखांब तेथे एका मैदानावर आले. भौतिकोपचाराच्या माहेरी आपला आखाडा जाऊन आला. पण तो गेला खेळ दाखविण्यासाठी. ही विद्या आपल्याकडे आली ती दुसऱ्याच वाटेने.

ती वाट पोलिओची. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत या रोगाने पुष्कळ मुले पांगळी होत होती. फातिमा इस्माईल या देशसेविकेच्या लहानग्या मुलीस हा रोग जडला. मुलीचे पाय चालते करण्यासाठी त्यांना जी वणवण करावी लागली तीतून त्यांना कळून चुकले, की अशा मुलांच्या स्नायूंना हळूहळू कामास लावणारी माणसे व जागा देशात जवळजवळ नाहीत. १९४७ साली त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी चिकित्सालय सुरू केले. १९५२ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराची पहिली शाळा निघाली. १९५५ साली हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली आणि त्याच साली या व्यवसायाचा अखिल भारतीय संघही स्थापन झाला. एका आईच्या तळमळीतून या देशात एका शास्त्राची पायाभरणी झाली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ज्या रोगाने ही विद्या आणली तो आता गेला आहे. भारतात पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व मार्च २०१४ मध्ये हा भाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. विद्या मात्र राहिली व वाढली. २०२१ च्या कायद्याने आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांची जी राष्ट्रीय व्यवस्था झाली तीत तिला स्थान मिळाले. आता तिच्यापुढे बसलेला रुग्ण बदलला आहे. शहरात तो संगणकापुढे बसणारा नोकरदार असतो, मोबाइलवर मान घालून बसलेला विद्यार्थी असतो, गुडघे धरलेल्या आजी असतात. खेड्यातील रुग्ण दवाखान्यात येतच नाही. मग त्याची गणती कोणी करावी?

ही गणती महाराष्ट्रात एका ठिकाणी फार चोख झाली. पुणे जिल्ह्यात, उजनी जलाशयाच्या काठी भिगवण हे गाव आहे. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेनुसार तेथे घरोघर पाहणी केली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता स्वयंसेवक उंबरठ्यावर गेले आणि विचारू लागले, ‘कोठे दुखते?’ चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांची अशी चौकशी झाली. त्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांस सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे होते, आणि त्यांत बायकांची संख्या अधिक होती. ज्यास डॉक्टर आमवात म्हणतात तो नावाजलेला रोग हजारी पाचांच्या आसपास निघाला. बाकीचे बहुतेक दुखणे झिजेचे, ओढाताणीचे व बिननावाचे होते. ‘कष्टाळू माणूस निरोगी’ या समजुतीस भिगवणच्या पाहणीने जे उत्तर दिले ते आकड्यांचे होते, म्हणून टाळता येण्याजोगे नव्हते.

मग कष्टाने नेमके काय होते? येथे शास्त्राची हकीगत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ‘ताठ बसा’ हा उपदेश आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेला असतो व मुलांस अजून करीत असतो. स्वीडनचे नाखेमसन या शल्यवैद्यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून तेथला दाब मोजला. उभे राहिले असता दाब शंभर मानला, तर उताणे निजल्यावर तो पंचवीसपर्यंत उतरे, उभ्याने पुढे वाकल्यावर दीडशेवर जाई व बसून पुढे झुकल्यास त्याहून वर चढे. या आकड्यांवर एक पिढी ताठ बसण्याचे धडे देत राहिली. पुढे १९९९ साली जर्मनीत विल्के व त्यांचे सहकारी यांनी एकाच स्वयंसेवकाच्या पाठीत मापक ठेवून त्याची दिवसभराची हालचाल तपासली. सैल, रेलून बसले असता दाब उभे राहण्यापेक्षा कमीच भरतो, असे त्यांस आढळले. एकट्या माणसावरून सर्वांविषयी अनुमान काढू नये हे खरे. तथापि आज या क्षेत्रातील बहुतेक जाणत्यांचे मत असे झाले आहे, की सर्वकाळ सर्वांस योग्य अशी एकच ‘आदर्श’ बैठक नाही. एकाच स्थितीत फार वेळ राहणे, एकच हालचाल पुनःपुनः करणे, आणि विश्रांती न मिळणे, यांतच दुखण्याचे बीज अधिक असते.

वाकलेल्या पाठीविषयी दुसरा एक शोध याहून जुना आहे. १९५५ साली फ्लॉइड व सिल्व्हर या इंग्रज संशोधकांनी दाखविले, की माणूस कंबरेत पूर्ण वाकला म्हणजे पाठीचे स्नायू काम करावयाचे थांबतात आणि धडाचा भार मुख्यतः मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर व चकत्यांवर पडतो. हे बंध दोरीसारखे आहेत. फार वेळ ताणून धरले म्हणजे हळूहळू सैल पडतात व पूर्ववत व्हावयास वेळ घेतात. सोयाबीन सोंगणारा माणूस तासाभराने उभा राहताना कंबरेवर हात ठेवून क्षणभर थबकतो, त्याचे कारण आळस नव्हे. त्याच्या पाठीचे बंध अजून जागेवर आलेले नसतात, आणि तेवढ्यात त्याने ओझे उचलले तर इजा होण्याचा संभव वाढतो.

निरनिराळ्या समाजांची तुलना केली म्हणजे विषय आणखी उलगडतो. आपल्याकडे उकिडवे बसणे हा आरोग्याचा मंत्र आहे, असे अलीकडे पुष्कळ सुशिक्षित सांगू लागले आहेत. बीजिंगमधील वृद्धांचा अमेरिकेतील वृद्धांशी ताळा पाहता खुब्याची झीज चिनी लोकांत फारच कमी आढळली. परंतु तेथील बायकांत गुडघ्याची झीज अमेरिकन बायकांहून जास्त निघाली, आणि तरुणपणी रोज कित्येक तास उकिडवे बसलेल्यांत ती अधिक दिसली. म्हणजे हीच बैठक घटकाभर उपकारक असली तरी दिवसभर अपकारक ठरू शकते. निंदणाची बाई घटकाभर बसत नाही. ती पावसाळाभर बसते. डोक्यावरील ओझ्याची गोष्टही अशीच आहे. १९८६ साली पूर्व आफ्रिकेतील बायकांवर झालेल्या प्रयोगात आढळले, की आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढा भार त्या डोक्यावरून नेतात, पण त्यासाठी त्यांना श्वासोच्छ्वासाचा जादा खर्च पडत नाही. बाल्यापासूनच्या सरावाने चालण्याची जी कला त्यांनी कमावली तिचे कौतुक वाटते. पण या प्रयोगात शक्तीचा खर्च मोजला गेला, मानेच्या मणक्यांचे काय झाले ते नव्हे. शरीराचे कौशल्य हा शरीरावरील अन्यायाचा दाखला होऊ शकत नाही.

तेव्हा मुद्दा असा, की वऱ्हाडातील वेचणारीची पाठ दुखते ती तिला नीट उभे राहता येत नाही म्हणून नव्हे. बोंड जेथे आहे तेथे वाकणे प्राप्त आहे. ती वाकलेलीच राहते याचे कारण मजुरी किलोवर आहे. थांबले तर तेवढा कापूस कमी भरतो व तेवढे पैसे कमी मिळतात. १८७० साली खामगावला आगगाडी आली तेव्हापासून कापसाचे भाव ठरविणाऱ्या बाजाराचे धागे मुंबई-मँचेस्टरपर्यंत पोचले, आणि त्या धाग्याचे दुसरे टोक या पाठीला बांधले गेले. अशा बाईस चार आसने शिकवून घरी पाठविणे म्हणजे भिजणाऱ्या माणसास छत्री न देता अंग कसे पुसावे ते सांगणे होय.

ही निराशेची गोष्ट नाही. ओझ्याचे माप बदलता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. धान्याचे पोते पूर्वी शंभर किलोचे असे व हमाल ते पाठीवरून वाही. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली, की प्रौढ पुरुषास ५५ किलोंहून अधिक ओझे नेहमी वाहावयास लावू नये. इकडे बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने व इतर संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. आणि पुढे बाजार समित्यांतून पन्नास किलोंचे पोते रूढ झाले. हमालाने ओझे उचलण्याची रीत सुधारावी, हे सांगणे सोपे होते. पोतेच अर्धे करावे, हे सांगावयास संघटना लागली. परंतु पाठीस जो आराम पडला तो या दुसऱ्या उपायाने.

शेतातल्या बाईच्या बाबतीत असे प्रयत्न मुळीच झाले नाहीत असे नाही. शेजारच्या मराठवाड्यात परभणीच्या कृषि विद्यापीठातील गृहविज्ञानाच्या अभ्यासकांनी शेतकरी स्त्रियांच्या कामांचा शीण नाडीच्या ठोक्यांवरून मोजला व वेचणीसाठी अंगावर घालावयाचे सुटसुटीत झोळीवजा वस्त्र यांसारखी साधने सुचविली. १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचे क्षेत्र तर बुलढाण्यासह सर्व विदर्भ आहे. चौकशीची साधनेही अवघड नाहीत. १९८७ साली उत्तर युरोपातील अभ्यासकांनी एक साधी प्रश्नावली तयार केली. तीत शरीराचे नऊ भाग दाखवून गेल्या वर्षभरात व गेल्या सात दिवसांत त्यांपैकी कोठे दुखले एवढेच विचारतात. ती घेऊन गावात जावयास यंत्रसामग्री लागत नाही. भाषा लागते, वेळ लागतो, आणि बाईचे दुखणे हे दुखणे आहे असे मानण्याची तयारी लागते. बऱ्याच घरांत ही तिसरी गोष्टच दुर्मीळ असते. ‘कंबर तर सगळ्यांचीच दुखते’ असे बाई स्वतःच म्हणते, आणि प्रश्न तेथेच मिटतो.

२०२० साली जगात एकसष्ट कोटींहून अधिक माणसांस कंबरदुखी होती असा अंदाज तज्ज्ञांनी केला आहे. अपंगत्वाची जगातील सर्वांत मोठी कारणे मोजली तर हे त्यांत पहिले येते. इतक्या माणसांस सांगण्याजोगे शास्त्राजवळ आज काय आहे? पुष्कळ आहे, आणि तेही अगदी साधे आहे. स्थिती बदलत राहावी. कामात थोड्याथोड्या वेळाने उभे राहून अंग मोकळे करावे. वाकून उठल्याबरोबर जड ओझे उचलू नये. दुखते म्हणून महिनोन्महिने अंथरूण धरू नये, कारण हालचालीनेच बहुतेक दुखणे निवळते. वाचकांपैकी जे खुर्चीवर बसून दिवस काढतात त्यांच्या हातात हे सर्व आहे. अर्ध्या तासाने उठावयास त्यांस कोणाची परवानगी लागत नाही, निदान लागू नये. पात धरलेल्या बाईस हीच सूचना करावयाची तर आधी मजुरीचा हिशेब बदलावा लागतो, वजनाचा काटा शेताजवळ आणावा लागतो, गाठोडे लहान करावे लागते, निंदणास लांब दांड्याचे अवजार द्यावे लागते. हे भौतिकोपचारकाचे काम नव्हे असे कोणी म्हणेल. आमच्या मते ते त्याचेही काम आहे. कारण पाठ कशाने मोडते हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरा कोणी सांगू शकत नाही.

आखाड्याची पिढी आमच्या आदरास पात्र आहे. शरीर हा विचाराचा विषय आहे, त्याची उपेक्षा करणारे राष्ट्र उभे राहू शकत नाही, हे तिने शिकविले, आणि मोजून पाहण्याची सवयही तिच्यातीलच काहींनी लावली. ती मोजपट्टी आता मैदानातून शेतात नेण्याची वेळ आली आहे. २०२४ साली बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे शिकणाऱ्या मुलामुलींतील कित्येकांच्या आज्यांनी व आयांनी याच रानांत कापूस वेचला असेल. दसऱ्यानंतर एकदा वह्या घेऊन त्यांनी घाटाखाली उतरावे, काट्याजवळ गाठोडी घेऊन बसलेल्या बायांस भिगवणच्या स्वयंसेवकांप्रमाणे ‘कोठे दुखते?’ एवढे विचारावे आणि मिळेल ते उत्तर लिहून घ्यावे. दीडशे वर्षांपूर्वी खामगावात जे टिपण ठेवावयाचे राहिले ते निदान तेव्हापासून सुरू होईल.